नाडीच्या दोन रेषा

आपल्या नणंदेचं म्हणणं खरं ठरणार आहे, आणि तेही आपण गप्प बसल्यामुळे, हे यामिनी दाणीला कळलं तेव्हा ती ऑफिसात पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होती. चमचा तोंडाशी जाता जाता थांबला. समोरच्या मोठ्या पडद्यावर दुकानांतल्या गोळ्यांच्या साठ्याच्या दोन रेषा होत्या, एक निळी आणि एक लाल. निळी वाकत वाकत पार तळाजवळ जायची आणि तिथून हळूहळू वर यायची. लाल मात्र कड्यावरून दगड सुटावा तशी सरळ खाली गेली होती.

"आपण काहीच बोललो नाही तर निळी," डॉ. नंदेश्वर म्हणाले. "आणि जाहीर करून टाकलं तर लाल. मजा पाहा मॅडम. गोळ्या तेवढ्याच, जहाजं तेवढीच. फरक फक्त तोंड उघडण्याचा."

नंदेश्वर नागपूरच्या मध्यवर्ती औषध भांडाराचे प्रमुख होते. पडद्यावरची 'नाडी' मात्र यामिनीची होती, पहिल्या ओळीपासून तिनं बांधलेली.

नाडीचं अर्धं काम कुणालाही समजेल असं होतं. औषधाच्या प्रत्येक स्ट्रिपवर एक बारीक खूण छापलेली असते. कारखान्यातून निघताना, बंदरात उतरताना, घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी दुकानाच्या काउंटरवर ती खूण वाचली जाते. त्यामुळे कुठली स्ट्रिप या घडीला कुठं आहे हे नाडीला ठाऊक असतं. अवघड होतं ते दुसरं अर्धं. यामिनीनं नाडीच्या पोटात लाखो कृत्रिम कुटुंबं वसवली होती. माणसं औषध केव्हा घेतात, कशानं घाबरतात, शेजाऱ्यानं दोन पाकिटं आणली की आपणही का आणतात, हे सगळं वर्षानुवर्षांच्या खरेदीवरून ती कुटुंबं शिकली होती. त्यांना एखादी बातमी ऐकवली की ती खऱ्या माणसांसारखी वागायची. पावसाचा अंदाज ढगांच्या कानावर पडत नाही. टंचाईचा अंदाज माणसांच्या कानावर पडतो आणि माणसं पिशवी घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे नाडी एक रेषा कधीच काढायची नाही. अंदाज सांगितला तर काय होईल आणि नाही सांगितला तर काय होईल, अशा दोन काढायची.

त्या उन्हाळ्यात साऱ्या देशाला एकच विषय होता. देश पूर्वसागर व्यापार गटातून बाहेर पडणार होता. वर्तमानपत्रांनी त्याला 'गटत्याग' असं भारदस्त नाव दिलं होतं. गटातल्या एका देशात तपासलेलं औषध दुसऱ्या देशात पुन्हा तपासावं लागत नसे. आता बाहेरून येणाऱ्या कच्च्या मालाचं प्रत्येक पिंप बंदरातच थांबणार, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जाणार, निकाल आला की मग पुढं सरकणार. एका बाजूचे लोक म्हणत, औषधांवाचून माणसं मरतील. दुसऱ्या बाजूचे म्हणत, अर्ध्या जगाला औषधं पुरवणाऱ्या देशाला कसली भीती दाखवता? चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत हेच चाललं होतं.

नाडीचं उत्तर कुठल्याच बाजूला आवडलं नसतं. बहुतेक औषधांना धक्का लागणार नव्हता. मोजकी काही, ज्यांचा कच्चा माल गटातल्या एकदोन कारखान्यांतूनच येत होता, ती काही आठवडे फार ओढूनताणून पुरवावी लागणार होती. जिथं स्ट्रिपा जास्त आहेत तिथून उचलायच्या, जिथं कमी आहेत तिथं गुपचूप पोचवायच्या, असा नंदेश्वरांचा बेत होता.

त्या मोजक्या औषधांत पायरिडोस्टिग्मिन होतं. यामिनीच्या घरी त्याला 'डोळ्यांची गोळी' म्हणत. तिच्या सासूबाईंना, कुमुदिनीबाईंना, मायस्थेनिया होता. या आजारात मेंदूकडून निघालेला निरोप मज्जातंतूच्या टोकापर्यंत नीट येतो, पण स्नायूला तो धड ऐकू जात नाही. पापण्या मिटू लागतात, गिळताना घास अडतो, आणि फारच बिघडलं तर श्वासाचे स्नायूही थकतात. गोळी काय करते, तर तो निरोप पुसला जाण्याआधी जरा जास्त वेळ टिकवून धरते. दिवसातून चार वेळा गोळी घेतली की कुमुदिनीबाई भाजी निवडायच्या, शेजारणींशी गप्पा मारायच्या आणि गार्गीबद्दल बोलायच्या.

गार्गी म्हणजे यामिनीची नणंद. दिल्लीत असायची. अर्थतज्ज्ञ. गटत्यागाच्या बाजूनं बोलायला वाहिन्यांना तिच्याहून चांगलं माणूस सापडत नव्हतं. तिचा आवाज लोणी कढवल्यासारखा होता, आणि समोरचा कितीही तापला तरी ती हसून त्याला नावानं हाक मारायची. यामिनीचा नवरा प्रसन्न बहिणीचं प्रत्येक भाषण मित्रांना पाठवायचा. बायकोबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती औषधांच्या स्टॉकचं बघते."

स्टॉकचं बघते! नाडीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते सन्मानचिन्ह कुठं ठेवायचं यावर घरात थोडी चर्चा झाली आणि ते फ्रिजवर गेलं. हॉलमध्ये गार्गीचा पदवीदानाचा फोटो होता, तो हलवणं कुणाच्या मनातही आलं नाही. यामिनीनंही काही म्हटलं नाही. पण फ्रिज उघडला की तिची नजर वर जायची.

आणि आता हे. गार्गीनं एकही आकडा न पाहता ठोकून दिलं होतं की औषधं कमी पडणार नाहीत, आणि ते खरं ठरणार होतं, कारण यामिनी रोज कार्यालयात बसून स्ट्रिपा इकडच्या तिकडे करणार होती आणि तोंडातून ब्र काढणार नव्हती.

"गप्पच राहायचं ना मग?" तिनं विचारलं.

"दुसरं काय करता?" नंदेश्वर म्हणाले. "आपल्या कामात नाव नसतेच मॅडम."

गटत्यागाला थोडेच दिवस उरले असताना गार्गी नागपूरला आली. धरमपेठेतल्या एका सभागृहात तिची जाहीर चर्चा होती. दुपारी जेवायला सगळे एकत्र बसले. कुमुदिनीबाईंनी लेकीसाठी स्वतः पुडाच्या वड्या केल्या होत्या. उभं राहून त्या दमल्या होत्या, तरी लेकीच्या पानाकडे त्यांचं सारखं लक्ष होतं.

"माझी गोळी जास्तीची आणून ठेवू का गं?" त्यांनी विचारलं. विचारलं गार्गीला. यामिनी शेजारीच बसली होती.

"कशाला आई? उगाच घाबरवणारे लोक आहेत. काही गरज नाही." मग गार्गी यामिनीकडे वळली. "काय वहिनी? तुझं मशीन काय म्हणतं? काही कमी पडणार आहे का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. निळी रेषा, यामिनी मनात म्हणाली.

"नाही पडणार," ती म्हणाली आणि ताटातला भात उगाच कालवत राहिली.

"बघा!" गार्गी टाळी वाजवून म्हणाली. प्रसन्न हसला. सासूबाईंनी लेकीच्या पानात आणखी एक वडी वाढली.

सभागृह भरलं होतं. समोरच्या बाजूनं औषध विक्रेत्यांच्या संघटनेचे उमाळकर बोलत होते. वयस्क माणूस, घसा बसलेला, पण मुद्द्याचं बोलणारा. "गार्गीताई, तुम्ही धोरणाचं बोलून राहिल्या," ते म्हणाले. "मी काउंटरवर उभा असतो. कोणती औषधं पुरतील, किती पुरतील, आकडे आहेत का तुमच्याकडे?"

गार्गीजवळ आकडे नव्हते. तिचं ते हसू उमटलं.

"आकडे घरचेच आहेत, उमाळकरसाहेब. माझी वहिनी इथं बसली आहे. सगळ्या विभागाचा औषधांचा स्टॉक तीच बघते. आज जेवतानाच मी तिला विचारलं. ती म्हणाली, काही कमी पडणार नाही. उभी राहा ना वहिनी, लाजू नको."

मागून कुणीतरी "घरचीच साक्ष!" म्हणून ओरडलं आणि हशा पिकला. कुणीतरी माइक यामिनीच्या हातात दिला. पुढच्या रांगेत सासूबाई मान वळवून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुनेचा नव्हे, लेकीचाच अभिमान होता. सूनबाईचं काम एवढंच की लेकीच्या वाक्याला होकार द्यायचा.

एक शब्द पुरला असता. "हो."

"मी स्टॉक बघत नाही," यामिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "नाडी मी बांधली आहे. आणि नाडीवर काही औषधांचा तुटवडा दिसतो आहे. मायस्थेनियाची गोळी त्यात आहे. काही आठवडे ती मिळणं कठीण होईल."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. दोन रेषा आहेत आणि त्यातली एक मी आत्ता निवडली, एवढंच तिनं सांगितलं नाही.

सभागृह उसळलं. उमाळकर उभं राहून टाळ्या वाजवू लागले. गार्गीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्याच्या मागून निघून गेले. यामिनीच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या भाषणाची चित्रफीत ती घरी पोचायच्या आत राज्यभर फिरली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. आजारी माणसांनी दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांच्या मुलांनी वेगळ्या घेतल्या, आणि गावाकडच्या काकांनी असू द्याव्या म्हणून आणखी. ज्यांचा या आजाराशी संबंध नव्हता त्यांनी आपापली रक्तदाबाची आणि थायरॉइडची औषधं उचलली. मग गटत्याग झाला. बंदरात पिंपं खरोखरच थांबली, आणि ती सुटण्याआधी दुकानांचे खण रिकामे झाले.

नंदेश्वरांनी फक्त दुकानांतला प्रत्यक्ष साठा पडद्यावर मांडला. त्याची रेषा लाल रेषेवर अशी बसली की दोन्ही वेगळ्या ओळखू येईनात.

"तुमची नाडी हुशार आहे मॅडम," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

वाहिन्यांवर यामिनीचं नाव झळकलं. 'नाडीचं भाकीत खरं ठरलं.' गटत्यागाचे विरोधक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. समर्थक म्हणाले, ही टंचाई घबराट पसरवणाऱ्यांनी केली. दोघांच्याही म्हणण्यात खरं अर्धंच होतं. प्रसन्न आता मित्रांना सांगू लागला, "नाडी माझ्या बायकोची." सन्मानचिन्ह फ्रिजवरून हॉलमध्ये आलं. वाहिन्यांवर गार्गीला बोलावणं मात्र बंद झालं. संध्याकाळी यामिनी एकेक वाहिनी चाळायची, आणि गार्गी कुठंच दिसली नाही की निवांत चहा घ्यायची.

कुमुदिनीबाईंची स्ट्रिप संपत आली. जास्तीची कुणी आणलेली नव्हती. लेकीनं नको म्हटलं होतं आणि सुनेनं भात कालवला होता. सभेनंतरच्या गडबडीत दुकानात जायचं कुणालाच सुचलं नव्हतं. प्रसन्न दुकानामागून दुकान फिरला, अमरावतीपर्यंत जाऊन आला. भांडारातली शेवटची खोकी केव्हाच रुग्णालयांकडे गेली होती, आणि तीही संपली होती. बाई चारऐवजी तीन गोळ्यांवर आल्या, मग दोनवर. त्यांचा आवाज नाकातून येऊ लागला. एका सकाळी चहाचा घोट घेतला तो नाकावाटे बाहेर आला, आणि त्यांनी ओशाळून पदर तोंडाला लावला. दुपारी त्यांना रुग्णालयात हलवलं.

"सध्या इंजेक्शनवर ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "पण तीही फार नाहीत. गोळ्या मिळाल्याच पाहिजेत."

गार्गी मिळेल त्या विमानानं आली. खोलीबाहेरच्या बाकावर ती यामिनीशेजारी बसली. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. यामिनीनं तिला कधी असं पाहिलं नव्हतं.

"वहिनी, मी चुकले," ती म्हणाली. "आईला मीच नको म्हणाले. तू खरं सांगत होतीस आणि मी तुझ्यावर चिडले. माफ कर मला."

जे ऐकायला यामिनी वर्षानुवर्षं आसुसली होती ते हेच. पण ते गळ्याखाली उतरेना. ती उठली आणि भांडारात गेली.

नाडीवर एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. आजारी माणसं वाढली नव्हती, विक्री मात्र कितीतरी पट झाली होती. म्हणजे गोळ्या खाल्ल्या गेल्या नव्हत्या. त्या घराघरांतल्या कपाटांत, फ्रिजच्या दारांत, देवघराखालच्या खणांत पडून होत्या. लोकांनी जास्तीच्या दुकानात परत आणून दिल्या तर बंदरातली पिंपं सुटेपर्यंत सगळ्यांना पुरल्या असत्या.

"आवाहन करू," यामिनी म्हणाली. "मी करते."

नंदेश्वरांनी नाडीतल्या कुटुंबांना यामिनीचं आवाहन ऐकवलं. साठ्याची रेषा वर सरकली नाही, उलट किंचित खाली गेली. जिनं घाबरवलं तीच आता घाबरू नका म्हणते, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं त्या कुटुंबांना वाटत होतं. त्यांनी मंत्र्यांचं आवाहन घातलं, नामांकित डॉक्टरचं घातलं, एका क्रिकेटपटूचं घातलं. रेषा ढिम्म.

"तुमच्या नणंदबाईंचं घालून बघू?" नंदेश्वरांनी सहज विचारलं.

"तिचं कोण ऐकणार? तिची तर नाचक्की झाली."

त्यांनी तरीही घातलं. जिचं सगळ्यांसमोर हसं झालं, जिची स्वतःची आई गोळीवाचून अंथरुणावर आहे, ती आता हात जोडते आहे. रेषा थरथरली आणि वर चढू लागली.

यामिनीनं आणखी तीन-चार नावं घालून पाहिली. एक कीर्तनकार, एक नटी, एक निवृत्त न्यायमूर्ती. गार्गीच्या आसपासही कुणी पोचेना. आपणच वसवलेल्या त्या लाखो घरांत एकही घर आपल्या बाजूचं नाही, या विचारानं तिला रडू आलं आणि आपण अशा वेळीही हाच विचार करतो आहोत याचा संताप आला.

गार्गीनं मात्र साफ नकार दिला. "कुठल्या तोंडानं जाऊ? मी खोटी ठरले आहे."

"तू खोटी ठरली नाहीस," यामिनी म्हणाली. "मी तुला ठरवलं."

"म्हणजे?"

रुग्णालयाच्या त्या बाकावर तिनं गार्गीला दोन्ही रेषा सांगितल्या. आपण गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलंही नसतं, हे सांगितलं. गार्गी ऐकत गेली तसा तिचा चेहरा कोरडा होत गेला.

"तुला हे त्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग का बोललीस?"

"तू म्हणालीस, लाजू नको. आणि सगळे हसले. आई तुझ्याकडे बघत होत्या. त्या माझ्याकडे कधीच तसं बघत नाहीत."

एक परिचारिका ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून गेली.

"मला काहीच माहीत नव्हतं वहिनी," गार्गी म्हणाली. "मी बरोबर होते ते आंधळेपणानं. तुला सगळं दिसत होतं. तुझं जास्त वाईट आहे." ती उठली, केस सोडून पुन्हा बांधले. "काय बोलायचं ते लिहून दे."

गार्गीचं आवाहन सगळ्या वाहिन्यांवर सकाळपासून दर तासाला दाखवायचं ठरलं. दुपारी यामिनी सासूबाईंच्या उशाशी फोन घेऊन बसली; तिनंही ते अजून ऐकलं नव्हतं. बाईंच्या दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या, झोपेनं नव्हे. त्या उचलायची ताकदच उरली नव्हती. फोनमधून गार्गीचा आवाज आला आणि त्यांचे ओठ हलले.

"गार्गी ना?" शब्द नाकातून, भिजल्यासारखे येत होते. "बघायचंय मला तिला."

यामिनीनं अंगठा आणि तर्जनी त्यांच्या उजव्या पापणीवर ठेवली आणि हलकेच वर उचलून धरली. दुसऱ्या हातानं फोन त्यांच्या डोळ्यासमोर नेला. बुबुळ चाचपडत फिरलं आणि लेकीच्या चेहऱ्यावर स्थिरावलं.

गार्गी सुरेख बोलत होती. आईबद्दल बोलली, कपाटांत पडून असलेल्या गोळ्यांबद्दल बोलली, हात जोडले. नाडी गोळ्यांचा हिशेब सांगते म्हणाली. नाडी कुणाची ते म्हणाली नाही. यामिनी त्या नावाची वाट पाहत राहिली. लिहून देताना तिनं ते घातलं नव्हतं, तरी गार्गी स्वतःहून घेईल असं तिला वाटत होतं. तिचा हात भरून आला. पापणी तिनं सोडली नाही.

तेवढ्यात फोनच्या पडद्यावर वरून एक पट्टी उतरली. नंदेश्वरांचा निरोप होता. 'मॅडम, स्ट्रिपा परत येऊन राहिल्या. रेषा वळली!' गार्गीचं कपाळ आणि डोळे त्या पट्टीखाली झाकले गेले.

"काय आलं गं ते मध्येच?" कुमुदिनीबाई कष्टानं म्हणाल्या. "बाजूला कर. दिसत नाही ती."

यामिनीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग अंगठ्यानं बाजूला सारली.